आधी साठा खरा करा, ऑनलाइनचं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या उपनगरात वडिलांनी उभं केलेलं बाराशे चौरस फुटांचं किराणा दुकान. गल्ल्यावर वडील, सोबत तुम्ही, माल काढायला दोन मुलं आणि धान्य निवडायला दुपारच्या एक मावशी. वर्षभरात जवळपास दोन डार्क स्टोअर, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणारी गोदामवजा दुकानं, उघडली, संध्याकाळचं गिऱ्हाईक पातळ झालं आणि दोनातला एक मुलगा डिलिव्हरीच्या कामाला निघून गेला. हाताशी दीड-दोन लाख रुपये आहेत. स्वतःचं ॲप काढावं, भारी सॉफ्टवेअर घ्यावं की ओएनडीसीवर, म्हणजे सरकारी पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन बाजारावर, जावं? आणि माणसं टिकवायची कशी?

ॲप काढू नका. बाकीचं उत्तर लांब आहे. मी आधी सुपरमार्केटच्या साखळीत दुकानं चालवली आणि आता तुमच्या आकाराच्या दुकानांची घडी बसवून देतो. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुकानदार ऑनलाइन जायला घाई करतो, पण आपल्या फळीवर नक्की काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक नसताना घेतलेली प्रत्येक घरपोच ऑर्डर म्हणजे भांडणाला दिलेलं आमंत्रण. तुमचे पैसे आधी साठा खरा करण्यात, मग माणूस टिकवण्यात जाऊ द्या. उरले तर ऑनलाइनला.

तुमचं काय गेलंय ते आधी नीट बघा. दूध, ब्रेड, वेफर्स, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम, भाजीत घालायला विसरलेली कोथिंबीर, रात्री साडेदहाला लागलेलं डायपर. हे गिऱ्हाईक दहा मिनिटांच्या सेवेकडे गेलं आणि त्यातलं बरंचसं परत यायचं नाही. त्याच्यामागे धावू नका. अशीच सेवा देणाऱ्या ब्लिंकिटने २०२४-२५ मध्ये जाहीर केलेल्या तिमाही आकड्यांत सरासरी ऑर्डर साधारण सव्वासहाशे ते सातशे रुपयांची, तीही एमआरपीच्या हिशेबाने धरलेली होती. तेवढ्या ऑर्डरवर रायडर, भाडं, वीज, माल काढणारी माणसं हे सगळं भागवायचं, म्हणून त्यांना वस्तूंच्या नफ्याखेरीज डिलिव्हरी शुल्क लागतं, हाताळणी शुल्क लागतं, ॲपवर वस्तू वर दाखवण्यासाठी कंपन्यांकडून जाहिरातीचे पैसे लागतात. तुमच्याकडे यातलं काही नाही.

तुमचा हिशेब मांडून दाखवतो. डिलिव्हरीला वेगळा मुलगा ठेवलात, पगार १५,००० आणि पेट्रोल-दुरुस्तीचे ४,००० धरले, तर महिन्याचे १९,००० झाले. २६ दिवस, रोज १५ घरं म्हणजे ३९० ऑर्डर. एका ऑर्डरमागे जवळपास ४९ रुपये. तीनशे रुपयांच्या ऑर्डरवर १२ टक्के सुटतात असं धरलं तर हातात ३६ येतात, म्हणजे दर फेरीला १३ रुपये पदरचे. तोच मुलगा चार हजारांची महिन्याची यादी घेऊन गेला तर त्याच ४९ रुपयांच्या समोर ४८० उभे राहतात. तुमचा टक्का वेगळा असेल तर तो घालून बघा, निष्कर्ष फारसा हलणार नाही. तुमची घरपोच सेवा महिन्याच्या वाणसामानासाठीच असू शकते.

आता इथेच गोम आहे. दहा मिनिटांच्या ऑर्डरमध्ये पाच-सहा वस्तू असतात, महिन्याच्या यादीत वीस, तीस, कधी पन्नास. समजा तुमच्या दुकानात कोणतीही एक वस्तू मागितल्यावर ती हजर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. ऐकायला उत्तम वाटतं. पण सहा वस्तूंची ऑर्डर पूर्ण भरण्याची शक्यता तेवढ्याने चारात तीनच्या जवळ येते आणि वीस वस्तूंची यादी पूर्ण भरण्याची फक्त ३६ टक्के उरते. म्हणजे तीनातल्या दोन घरांना काहीतरी राहिलेलं पोचणार. ती बाई मग राहिलेलं सामान मोबाइलवरून मागवते आणि पुढच्या महिन्यात सगळी यादीच तिकडे टाकते. हाच आकडा ९९ टक्क्यांवर नेला तर वीसच्या वीस वस्तू मिळण्याची शक्यता ८२ टक्के होते. ९५ वरून ९९ वर जाणं हे तुमचं खरं तंत्रज्ञानाचं काम आहे. ॲपने ते होत नाही.

साठा कशाने खोटा पडतो? चोरीने कमी, नोंदीने जास्त. सगळे दुकानदार सॉफ्टवेअर घेतात ते बिलासाठी. काउंटरवर बारकोड वाजला, बिल छापलं, की झालं असं वाटतं. पण साठा जन्माला येतो तो आवकीच्या नोंदीत, आणि ती नोंद रात्री अकराला कंटाळलेल्या डोळ्यांनी होते किंवा कर सल्लागाराकडे बिलं पाठवायच्या आदल्या दिवशी. एजन्सीवाल्याने बारा नगांवर एक फुकट दिला, तो तेरावा नग नोंदलाच नाही, आता संगणकात साठा कायम एकने कमी. साबणाच्या चार वड्यांचं पॅक फोडून सुटं विकलं, ते वेगळ्या वस्तूवर चढवलं नाही. त्याच बिस्किटाच्या दोन एमआरपी एकाच वेळी फळीवर आहेत आणि सॉफ्टवेअरला एकच माहीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, तूप यांचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हा घोळ सगळ्यांनी एकदम पाहिला. ज्यांच्या वस्तूसूचीत बॅचनिहाय एमआरपी होती त्यांनी रात्रीत दर बदलले. बाकीचे दिवाळीपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन वाद घालत होते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याला रंगीत अहवाल दाखवायला सांगू नका. एकाच वस्तूच्या दोन एमआरपी, फुकट स्कीमचा माल आणि पॅक फोडून केलेली सुटी विक्री, या तीन नोंदी तुमच्यासमोर करून दाखव म्हणा. जमलं तर घ्या. वर्षाकाठी काही हजारांतलं साधं सॉफ्टवेअर पुरतं.

आणखी एक गळती आहे, ती कुणी बोलत नाही. घरात नेलेला माल. आई दुकानातून दोन किलो साखर मागवते, काकांकडे तेलाचा डबा जातो, मुलांना चॉकलेट. नेऊ नका असं कोण म्हणेल? पण घराच्या नावाने एक खातं उघडा आणि बिल करा. तुमच्या वडिलांना हे पहिले पंधरा दिवस अपमानास्पद वाटेल.

सुट्या मालाचं प्रकरण वेगळं. ५० किलोच्या साखरेच्या पोत्यातून ५० किलो कधीच विकली जात नाही. डाळीत चूर निघते, गहू चाळल्यावर गाळा निघतो, ज्वारीतली ओल उडते, आणि हातही थोडा सैल असतो. ही तूट मान्य करून प्रत्येक पोतं संपल्यावर लिहा: किती आलं, किती विकलं, किती घटलं. तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की कुठल्या आडतीची तूरडाळ स्वस्त दिसते आणि महाग पडते. मावशींकडून अर्धा, एक, पाच किलोच्या पिशव्या आधीच भरून ठेवल्या आणि त्यावर दुकानाचे स्वतःचे बारकोड लावले तर याद्या भराभर निघतात. त्यासाठी २ ने सुरू होणारे आकडे दुकानांतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले असतात, तेच घ्या. ८९० ने सुरू होणारे भारतातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे. पण सांभाळा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आधी भरलेल्या, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, आणि वजनमापे खात्याच्या नियमांनुसार अशा पिशवीवर वजन, एमआरपी, भरल्याचा महिना, भरणाऱ्याचा पत्ता लागतो. गिऱ्हाइकाच्या यादीप्रमाणे पोत्यातून मोजून दिलं तर ते सुटंच. काय आधी भरायचं आणि काय यादी आल्यावर मोजायचं हे कर सल्लागाराबरोबर बसून एकदाच ठरवा. माझा कल साखर, रवा, पोहे आधी भरायचे आणि डाळी, गहू, तांदूळ यादीप्रमाणे मोजायचे, असा आहे. डाळीत दर रोज हलतो आणि गिऱ्हाईकही मूठभर हातात घेऊनच ठरवतं.

मोजणी वर्षातून एकदा करू नका. रोज सकाळी दुकान उघडल्यावर, गर्दी व्हायच्या आत, एकच फळी मोजा. सर्वात जास्त फिरणाऱ्या शंभर वस्तू आठवड्यातून एकदा मोजल्या जातील असं बघा, बाकीच्या सावकाश. फरक निघाला की आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका, कारण शोधा. पहिल्या महिन्यात तीच चार-पाच कारणं पुन्हा पुन्हा निघतील.

हे मोजणार कोण? म्हणजे माणसांकडे आलो.

तुमचा मुलगा डिलिव्हरीकडे जास्त पैशांसाठी गेला असं तुम्ही लिहिता. थोडं खरं आहे. पण अशी गेलेली मुलं नंतर भेटली की बोलतात ते दुसरंच. तिथे पैसे आठवड्याला मिळतात, इथे महिना भरल्यावर, तेही उचल वजा करून. तिथे आज नाही जायचं तर ॲप बंद ठेवलं, इथे सुट्टी मागायला शेठची मर्जी बघावी लागते. तिथे सगळ्यांसारखा टी-शर्ट आहे, इथे पंचविशीतल्या माणसालाही 'ए पोऱ्या' अशी हाक. पेट्रोल, गाडीची झीज, पावसाळ्यातले अपघात वजा केले की तिथली कमाई दिसते तेवढी नसते, हे त्यांनाही काही महिन्यांत कळतं. पण परत यावं असं दुकानात काही दिसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग, म्हणजे ॲपवरून सुटं काम घेणाऱ्या, कामगारांसाठी प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीतला १ ते २ टक्के हिस्सा द्यायची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात उतरेल तसं ते काम दुकानातल्या कामावर आणखी भारी पडत जाईल.

तुम्ही पगारात त्यांच्याशी बरोबरी करू शकणार नाही, पण बाकी सगळ्यात करू शकता. पगार ठरल्या तारखेला, शक्य असेल तर पंधरा दिवसांचा, आणि खात्यावर. आठवड्याची सुट्टी ठरलेल्या वारी, आधी कळलेली, गर्दी असो नसो. दुपारी दोन ते पाच दुकान मंद असतं, त्या वेळात दोघांपैकी एकाला घरी जाऊ द्या. आणि काम शिकवा. माल उचलणाऱ्याला आवक नोंदायला शिकवा, मग बिल, मग एजन्सीवाल्याशी स्कीमचं बोलणं. फळ्या वाटून द्या. ही तेल-तुपाची फळी तुझी, तिची मोजणी तुझी, मुदत संपत आलेला माल पुढे काढायचा तूच. मोजणीत फरक कमी आला त्या महिन्यात काहीतरी वर द्या, पण तूट निघाली म्हणून पगारातून कापू नका. एकदा कापलं की पुढच्या मोजणीचा आकडा खोटाच येतो, हे मी साखळीतही पाहिलं आणि लहान दुकानातही. गाडीवर जाणाऱ्या मुलाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे, बँकेतून आपोआप कापलं जातं. एवढंही बहुतेक दुकानदार करत नाहीत.

गेलेल्या मुलाच्या जागी तसाच मुलगा शोधू नका. आसपासच्या वस्तीतल्या, मुलं शाळेत गेल्यावर मोकळ्या असणाऱ्या एखाद्या बाईला अकरा ते चार ठेवा. याद्या काढणं हे काम ताकदीचं नाही, लक्षाचं आहे. 'शेंगदाणे, पण घुंगरू नकोत', 'तांदूळ मागच्या वेळचाच', 'गूळ चिक्कीचा नाही, पोळीचा', या ओळींचा अर्थ स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पटकन कळतो. पदार्थ संपला असेल तर त्याऐवजी काय चालेल हेही तीच बरोबर सुचवते. तुमच्या मावशी निवडण्यातून सुटून हे काम करू शकतील का, आधी त्यांनाच विचारा.

आता ऑनलाइन. तुम्हाला हवंय ते सगळं व्हॉट्सॲपवर होतं. दुकानाचा वेगळा नंबर, व्यवसायाचं खातं, आणि प्रत्येक घराची मागच्या महिन्याची यादी जपून ठेवलेली. पंचवीस-सव्वीस तारखेला ती यादी ज्याची त्याला पाठवा: मागच्या वेळी हे नेलं होतं, काय कमी-जास्त? गिऱ्हाईक दोन ओळी खोडतं, तीन वाढवतं. कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवेल, आजी आवाजी संदेश पाठवतील, चालू द्या. ती यादी बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली की नसलेल्या वस्तू लगेच दिसतात, आणि फोन जातो तो माल निघायच्या आधी, दारात उभं राहून नाही. दिवसात दोनच फेऱ्या ठेवा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, आणि त्या पाळा. ठरावीक रकमेखाली घरपोच नाही किंवा शुल्क लागेल, हे दुकानात मोठ्या अक्षरात लावा. लाजू नका. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलेल्या डीमार्टनेही ऑनलाइन सुरू करताना मुंबईत आधी गिऱ्हाइकाने स्वतः येऊन माल न्यायची केंद्रं उघडली आणि घरी हवं असेल तर शुल्क घेतलं.

ही कल्पना आपल्याकडे नवी तर अजिबात नाही. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करते, महिन्याची मागणी आधी गोळा करते, माल एका घरी उतरतो आणि सदस्य तिथे वाटून घेतात. मोबाइल नव्हते तेव्हापासून. तुमच्या भागातल्या एखाद्या सोसायटीत दहा घरं एकाच दिवशी घ्यायला तयार झाली तर तुमचा फेरीचा ४९ रुपयांचा खर्च घरामागे पाचावर येतो. सोसायटीच्या महिला मंडळाला दिवस ठरवू द्या.

आणि जे फक्त तुमच्याकडेच आहे ते यादीत ठसठशीत दाखवा. लोकवन गव्हाचं नवीन पोतं आलं, इंद्रायणी यंदा कशी आहे, श्रावणाआधी भगर, साबुदाणा, राजगिरा, संक्रांतीला तीळ आणि गूळ, उन्हाळ्यात पापडाचं उडीद पीठ आणि कुरडईचा गहू, लग्नघराची पाचशे माणसांची यादी. डार्क स्टोअरच्या फळीवर काही हजार वस्तू असतात, पण 'हा गहू पोळीला मऊ येतो का' याचं उत्तर द्यायला तिथे कुणी उभं नसतं. तुमचे वडील उभे असतात. त्यांना आठवड्यातून एकदा तीस सेकंदांचा व्हिडिओ करायला लावा, नव्या मालावर बोलणारा. तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा लांब जाईल.

ओएनडीसीवर जायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षी नको. तिथे सात-आठशे वस्तू टाकल्या आणि साठा खोटा असला तर रद्द झालेल्या ऑर्डरी तुमच्याच नावावर चढतात. तुम्ही कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर ऑनलाइन विकता येत नाही असं अजून बरेच जण सांगतात. ते जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांनाही राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्समधून माल विकता येतो.

कॅमेरे, स्वयंचलित काउंटर वगैरे दाखवायला कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवा. ॲमेझॉनने अमेरिकेतल्या आपल्या फ्रेश दुकानांतून बिलाशिवाय बाहेर पडायची यंत्रणा एप्रिल २०२४ मध्ये काढायचं जाहीर केलं, आणि त्याआधी काही महिने इंग्लंडच्या बूथ्स या साखळीने बहुतेक दुकानांतली स्वयंसेवा बिलयंत्रं काढून माणसं परत बसवली. तुम्हाला लागणारी उपकरणं म्हणजे बारकोड स्कॅनर, लेबल छापणारा वजनकाटा, ज्यावर वजनमापे खात्याचा चालू शिक्का आहे असा, आणि वीज गेल्यावर अर्धा तास काढेल असा यूपीएस. यूपीआयचा भोंगा तुमच्याकडे आहेच.

राहता राहिली वडिलांची उधारीची वही. ती संगणकावर चढवा, पण वही काढून घेऊ नका. दोन्ही वर्षभर चालू द्या. कुणाला दोन महिने थांबायचं आणि कुणाला लगेच विचारायचं, हे त्या वहीत लिहिलेलं नसतं, तरी ती बघूनच त्यांना आठवतं.

कधी सुरू करायचं? ३१ मार्चला साठा मोजावाच लागतो म्हणून बरेच जण तेव्हाच सॉफ्टवेअर बदलतात. किराण्यात ते चुकतं, कारण त्याच सुमारास वर्षाच्या गव्हाची आणि वाळवणाची गर्दी सुरू होते. श्रावण ते दिवाळी तर विचारच नको. संक्रांत उरकल्यावरचा जानेवारी किंवा आषाढातला मंद पंधरवडा धरा. त्याआधी महिनाभर नवीन माणूस कामावर घ्या, म्हणजे मोजणीच्या दिवशी त्याला फळ्या पाठ असतील. दीड-दोन लाखांतले निम्म्याहून जास्त पगारासाठी बाजूला ठेवा, कारण पहिल्या सहा महिन्यांत घरपोच विक्री त्या माणसाचा पगार पूर्ण काढणार नाही. मोजणीला दुकान एक पूर्ण दिवस बंद ठेवावं लागेल. वडील नाही म्हणतील, तेव्हा आवाजी संदेश पाठवणाऱ्या दहा-बारा घरांना आदल्या आठवड्यातच माल देऊन टाका आणि मग दिवस मागा.